वाइसाकेला सांगायचं कसं

तवुआ गावच्या बस स्टँडमागे दोरैसामीचा पूल खेळायचा हॉल होता. पाच टेबलं, दोन पंखे आणि दारापाशी त्याच्या बायकोचा, पुष्पमचा, खाण्याचा काउंटर. हॉल चालायचा, पण पोटापुरता. टेबलांवरचं हिरवं कापड जागोजागी विरलं होतं आणि राजधानीहून, सुव्हाहून, नवं मागवायचं तर एकरकमी पैसा हवा होता. म्हणून त्यानं स्पर्धा भरवायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला गर्दी झाली, दुसऱ्या खेपेला निम्मीच. तिसऱ्या खेपेला पुष्पमच्या रोटीची पार्सलं ढिगानं उरली आणि बक्षीस देऊन झाल्यावर गल्ल्यात चहापुरते पैसे राहिले.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. वाइसाके. वातुकौलाच्या सोन्याच्या खाणीतून निवृत्त झालेला हा धिप्पाड माणूस तिन्ही वेळा जिंकला होता, तोही घाम न गाळता. पहिल्याच फेरीत त्याच्याशी गाठ पडली की समोरचा हरायचा, काठी जागेवर ठेवायचा आणि घरची बस पकडायचा. आपण पैसे भरायचे ते वाइसाकेच्या खिशात जायला, असं लोक उघड बोलू लागले होते.

चौथ्या स्पर्धेची तारीख ठरवायची वेळ आली तेव्हा पुष्पमनंच विषय काढला. एकदा हरला की बाहेर, हा नियम बदला, दोनदा हरेपर्यंत खेळू द्या, म्हणजे माणसं थांबतील आणि थांबली की खातील, असं ती म्हणाली. हे दोरैसामीला लगेच पटलं. त्यापुढचं मात्र त्याच्या घशाखाली उतरेना.

"आणि वाइसाकेला सांगा, या खेपेला खेळू नको म्हणून."

"मी सांगू? कुठल्या तोंडानं?"

"तुमचं नसेल तर माझ्या तोंडानं सांगते."

वादळात हॉलचं छप्पर उडालं होतं तेव्हा वाइसाके आपल्या दोन्ही मुलांना घेऊन शिडीवर चढला होता आणि पत्रे पुन्हा ठोकून दिल्यावर त्यानं एक सेंटही घेतला नव्हता. तेव्हापासून दोघं एकमेकांना तवाले म्हणत, मेहुण्या-मेहुण्यासारखी थट्टा करत. अशा माणसाला येऊ नकोस म्हणायचं? आठवडाभर दोरैसामी रोज संध्याकाळी वाइसाकेकडे निघायचा आणि काहीतरी कारण काढून बाजारातूनच परत यायचा. शेवटी पुष्पमनं स्वतःच, कुणाकडे मागणं घेऊन जाताना न्यायची रीत असते ती यंगोनाच्या मुळांची जुडी विकत आणून त्याच्या हातात दिली. एवढी घेतल्यावर मागं फिरणं शक्य नव्हतं.

वाइसाके घराच्या ओट्यावर चटईवर बसला होता. त्यानं रीतीप्रमाणे जुडी स्वीकारली, मुळं कुटून घेतली, पाण्यात कालवली. करवंटीच्या वाट्या फिरल्या. दोरैसामी उसाच्या भावाबद्दल बोलला, मग रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलला. त्याची जीभ यंगोनानं बधिर झाली होती, का भीतीनं, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. अखेर खाली मान घालून त्यानं सगळं एका दमात सांगून टाकलं.

वाइसाकेनं वाटी खाली ठेवली.

"हे मागच्याच वेळी का नाही बोललास, तवाले?"

"जीभ रेटली नाही."

"माझे गुडघे गेलेत रे. दिवसभर तुझ्या त्या सिमेंटवर उभं राहिलो की दोन दिवस जिना चढवत नाही. आणि त्या हरलेल्या पोरांची तोंडं बघवत नाहीत. मी येत होतो ते तुझ्यासाठी. म्हटलं, चांगला खेळणारा एक तरी नको का? नाही गेलो तर तुला वाईट वाटेल."

दोरैसामीनं मान वर केली. आतून वाइसाकेची बायको म्हणाली, "देव पावला. आता तरी घरी बसतील." त्यावर दोघांनाही इतकं हसू आलं की दोरैसामीचे डोळे भरून आले. छातीवर ठेवलेलं पोतं कुणीतरी उचलून नेल्यासारखं त्याला वाटलं. निघताना वाइसाकेनं एकच अट घातली. खुर्ची दिलीस तर पंच म्हणून बसेन.

वाइसाके खेळणार नाही ही बातमी मिनीबसवाल्यांनी गावोगाव पोचवली. स्पर्धेच्या शनिवारी सकाळी हॉलचं दार उघडायच्या आधीच बाहेरचा ओटा भरला होता. खाणीतले कामगार आले, बाजारात पाव विकणारी सालोते आली, आजवर फक्त बघायला येणारा बसचालक नारायण मुदलियारही पैसे भरून बसला. हरलेली माणसं दुसऱ्या संधीसाठी थांबली आणि थांबली तशी खात राहिली. पुष्पमला दोनदा पीठ मागवावं लागलं. भांडणं झाली, पण वाइसाके खुर्चीतून नुसता हात वर करायचा आणि त्याच्यापुढे कुणी तोंड उघडायचं नाही.

उन्हं उतरताना शेवटच्या सामन्यात सालोतेनं नारायणला हरवलं. शेवटचा काळा बॉल कोपऱ्यातल्या भोकात पडला तेव्हा बाजारातल्या बायकांनी टिनाच्या भिंती बडवल्या. बक्षीस देऊन, पीठ-तेलाचा खर्च वजा करून तीन टेबलांच्या कापडाचे पैसे सुटले. पुष्पमनं ते पुन्हा मोजले नाहीत, रुमालात बांधून कमरेला खोचले.

दोरैसामी मागच्या पायरीवर पाय पसरून बसला. दिवसभरात पहिल्यांदाच बूड टेकलं होतं. नारायण काठी पुसत बाहेर आला आणि पुढची स्पर्धा कधी म्हणून विचारू लागला. सालोतेशी त्याला पुन्हा खेळायचं होतं.

"पुष्पमला विचारून सांगतो," दोरैसामी म्हणाला आणि त्यानं बूट काढून टाकले.