सरावाच्या यादीतलं पहिलं नाव

‘यादी पुसली,’ असं पडद्यावर उमटलं आणि शलाकानं कीबोर्डवरून हात काढून घेतले. सकाळी ऑफिसात आल्या आल्या, बारा वर्षांच्या सवयीनं, तिनं खऱ्या यादीचा पत्ता हातानं टाइप केला होता. ते तिला आत्ता आठवलं.

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या या दोन खोल्यांच्या ऑफिसातून एका डायलिसिस केंद्रातल्या पेशंटांचे नंबर सांभाळले जात. कामाचे फोल्डर दोन, एक खरा आणि एक सरावाचा. टर्मिनलच्या काळ्या चौकटीत एकदा पत्ता दिला, की फोल्डर कुठलाही असो, पुढची प्रत्येक कमांड त्याच पत्त्यावर जायची. नवं काही बसवण्याआधी सरावाची यादी पुसून पुन्हा भरायची, ही शलाकाची पद्धत. आजही तिनं सरावाच्या फोल्डरमध्ये जाऊनच कमांड दिली होती, पण सकाळी टाकलेला पत्ता खऱ्या यादीचा; नेमकी कुठली पुसली, देव जाणे.

उद्या मंगळवार. सकाळी सहाला बदलापूरहून, जांभूळहून माणसं येऊन बसणार. नंबर हुकला की पायांवर सूज कशी चढते, दम लागून रात्र कशी बसून काढावी लागते, हे तिला कोणी सांगायला नको होतं. जयदेवच्या, तिच्या नवऱ्याच्या, उशाशी तिनं अशा रात्री काढल्या होत्या. कालच्या यादीची प्रत होती म्हणा, पण आज सकाळपासून बदललेल्या वेळा तिच्यात कुठून असणार?

स्वतः उघडून बघायचा धीर होईना. तिनं केंद्रातल्या नर्सला फोन लावला.

“सोनिया, उद्याची लिस्ट दिसतेय का गं?”

“दिसतेय ना मॅडम. का?”

“जरा वाचून दाखव.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

सोनिया वाचत गेली. हिंदुराव होते, भागीरथीबाई होत्या. बनूबाईंची आज अकरा वाजता बदललेली वेळसुद्धा होती. शलाकानं फोन ठेवला आणि भांडंभर पाणी एका दमात संपवलं.

तिचा चेहरा बघून मालक मुकेश उठून आले. उल्हासनगरचे सिंधी, मराठी आपल्या चालीनं बोलायचे. सगळं ऐकून त्यांनी पडद्यावरच्या एका बारीक ओळीवर बोट ठेवलं.

“ही लाइन वाचली नाय ना दीदी? पत्ता बदलला म्हणून सांगते ती. पिछले हफ्ते मी दोन्ही फोल्डरमध्ये एकेक फाइल टाकली ना. फोल्डरमध्ये घुसला की त्याचाच पत्ता लागतो. आधी हातानं काय पण टाका, इथे चालत नाय.”

“आणि मी म्हटलं होतं, हे कशाला नवीन लचांड.”

“बोलला होता. आता चाय घ्या.”

तिला हसू आलं. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. चहा पिऊन तिनं ती बारीक ओळ नीट वाचली आणि सरावाची यादी पुन्हा भरायला घेतली.

त्या यादीतली नावं सगळी मनची, एक सोडून. हे ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं. खऱ्या यादीतून ते नाव दोन वर्षांपूर्वी तिनंच काढलं होतं, तिचं कामच होतं ते. इथे मात्र कितीही वेळा पुसलं तरी पहिल्या ओळीत तेच परत यायचं: जयदेव, मंगळवार, सकाळी सहा, खिडकीजवळचा बेड.