सोमवारचं वजन

पहिल्या वर्षाची पोरं प्रयोगशाळेत येतात ती उत्तर पाठ करूनच. प्रयोग नंतर होतो, उत्तर आधीच वहीत उतरलेलं असतं आणि मधली आकडेमोड ती शेपटाकडून तोंडाकडे करत येतात. शाळेत हेच चालतं, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तरी मी देतेच. माझ्या नाकावर राग असतो, हे सव्वीस वर्षांत सगळ्या कॉलेजला माहीत झालंय.

गेल्या वर्षी ‘संशोधनाची ओळख’ नावाचा नवा विषय निघाला आणि कुणीच घेईना म्हणून माझ्या गळ्यात पडला. बारा विद्यार्थी होते. पहिल्या दिवशी मी दारातच उभी राहिले आणि एकेकाचा खोडरबर काढून घेतला.

“आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे.”

“आणि मॅडम, वही घाण दिसली तर?” एका बारकुड्या पोरीने विचारलं.

“दिसू दे.”

ही पोरगी पुढे दर तासाला चार-चार शंका काढायला लागली, म्हणून मी तिचं नाव शंकासूर ठेवलं. तिला ते आवडलं असावं. दुसऱ्या आठवड्यात तिने तेच वहीच्या कव्हरवर लिहिलं.

प्रयोगासाठी मी माझाच जुना विषय दिला. आयुष्यात माझा छापून आलेला शोधनिबंध एकच, अठरा वर्षांपूर्वीचा. पहिला आठवडा पाणी दिलं आणि मग अजिबात दिलं नाही, तरी घेवड्याची रोपं एकवीस दिवस तग धरतात, असं मी त्यात दाखवून दिलं होतं. त्या चार पानांवर मला बढती मिळाली आणि मुलांनी पाठीमागे ‘घेवडाबाई’ म्हणायला सुरुवात केली. वरवर मी रागवायचे. खरं सांगायचं तर आतून मला बरं वाटायचं.

मागच्या खोलीत खिडकीलगत लांब फळी आहे, तिथेच माझ्या कुंड्या होत्या. त्याच फळीवर आता मुलांच्या मांडल्या. तीन गट, प्रत्येकाच्या चार कुंड्या ओल्या आणि चार कोरड्या. मी त्या काळी दर शनिवारी कुंड्यांचं वजन करायचे. मुलांना म्हटलं, तुम्ही रोज करा, रोजच्या रोज लिहायची सवय लागेल. रविवारी कॉलेज बंद असतं, तेवढा दिवस सोडून.

पाणी तोडून तीन आठवडे झाले आणि कोरड्या कुंड्यांतली रोपं ऐटीत उभी. पोरं खूश, मी तर त्याहून खूश. “तुम्ही लिहिलंय तस्संच आलं, मॅडम,” असं बारा तोंडांनी ऐकल्यावर कुणाचीही छाती फुगेल.

त्या सोमवारी तास संपल्यावर शंकासूर वही घेऊन टेबलाशी आली.

“मॅडम, आमच्या कोरड्या कुंड्यांचं वजन आठवडाभर उतरतं आणि सोमवारी वाढतं. तिन्ही सोमवारी वाढलंय.”

“तराजू बिघडला असेल.”

“मी धातूचं वजन ठेवून बघितलं. शनिवारी आणि आज, दोन्ही दिवस तेवढंच भरलं.”

“मग तुझं बघण्यात चुकलं असेल. बाकीच्या दोन गटांचे आकडे बघ, कसे सरळ उतरत आलेत. उगाच फाटे फोडू नकोस.”

ती गेली, पण तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मी बाकीच्या दोन्ही गटांना बोलावलं आणि समोर वह्या उघडून ठेवल्या. खाडाखोड कुठेच नव्हती. खाडाखोड नसलेली वही बघून मला एरवी आनंद झाला असता, पण पहिल्या वर्षाच्या पोरांच्या हातून तीन आठवड्यांत एक रेघ मारली जाऊ नये, हे काही खरं नव्हतं.

जरा आवाज चढवल्यावर एक उंच मुलगा कबूल झाला. “मॅडम, पाण्याशिवाय माती जड होणारच नाही. म्हणजे आमचंच काहीतरी चुकत असणार. मग सोमवारचा आकडा आम्ही शनिवारपेक्षा थोडा कमी लिहायचो.”

“आणि चुकून खरा लिहिला गेला तर? रबर तर मी काढून घेतले होते.”

“आधी कच्च्या कागदावर लिहायचो मॅडम. पक्कं झालं की वहीत.”

दुसऱ्या गटानेही माना खाली घातल्या. त्यांचंही तेच. मी कपाळाला हात लावला. बाराजणांत चारच वह्या खऱ्या होत्या आणि त्यातल्या एकीला मीच झटकून लावलं होतं.

रविवारी सकाळी मी आणि शंकासूर कॉलेजात गेलो. मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. आमचे प्रयोगशाळेचे मामा आत होते. तीस वर्षं इथे आहेत. सुट्टीच्या दिवशीही टाकीतल्या माशांना खायला घालायला येतात, ते मला ठाऊक होतं. माशांचं खाणं उरकलं होतं आणि मामा हातात चहाचा कप घेऊन फळीपाशी उभे होते. एकेका कोरड्या कुंडीत कपभर पाणी, बेताने, कडेकडेने सोडत होते.

“मामा, हे काय करताय?”

ते दचकले नाहीत. “तहानलीत बाई बिचारी. पोरं लहान आहेत, पाणी घालायला विसरतात. मी आपलं रविवारी कपभर घालतो, जास्त नाही.”

“अहो, न घालण्याचाच तर प्रयोग होता.”

“असं होय,” मामा म्हणाले आणि कप फळीवर ठेवला. मग माझी समजूत काढावी तसं म्हणाले, “पण बाई, तुमच्या वेळी पण मीच घालत होतो की. तुम्ही आपल्या कामाच्या गडबडीत असायच्या. म्हटलं, बाईंची रोपं मरायला नकोत.”

शंकासूर वहीत लिहीत होती. तारीख, वार, कप. मग तिचं पेन थांबलं.

“मॅडम,” ती हळूच म्हणाली, “हे शेवटचं लिहू का?”

खोलीत आम्ही तिघंच होतो. तिने लिहिलं नसतं तर मामा कुणाला सांगायला जाणार नव्हते. मला मामांचा राग आला, पोरीचा आला, आणि दर शनिवारी ऐटीत वजन करणाऱ्या माझ्याच तरुण अवताराचा तर फारच आला.

“लिही,” मी म्हटलं. “मामांचे शब्द जसेच्या तसे लिही.”

घरी गेल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कांदा चिरत होता. सगळं ऐकून म्हणाला, “अठरा वर्षं टिकलं ना? आपला फ्रीजसुद्धा एवढा टिकला नाही.” मी तीन तास त्याच्याशी बोलले नाही. मग हसू आलं आणि बोलले.

प्रयोग पुन्हा लावला. मामांनी मागच्या खोलीची चावी आपणहून माझ्या हातात ठेवली. “तुम्हीच ठेवा बाई. मला बघवणार नाही आणि मग हात आवरणार नाही.” तेव्हापासून रविवारी माशांना मी खायला घालत होते आणि मुलं पाळीपाळीने येऊन वजन करत होती. आता सगळ्यांच्याच वह्या घाण दिसत होत्या. उंच मुलाने तर एका पानावर अकरा रेघा मारल्या आणि मला येऊन कौतुकाने दाखवल्या.

मला मनातून एक आशा होती, ती लपवत नाही. मामांच्या कपाशिवायही घेवडा तरेल, निबंध खराच निघेल आणि मला कुणाला काही कळवावं लागणार नाही, असं वाटत होतं. पाणी तोडल्यावर आठव्या दिवशी पानं मलूल झाली. दहाव्या दिवशी सकाळी दार उघडलं तर बाराच्या बारा कोरड्या कुंड्यांतली रोपं माना टाकून पडली होती. शंकासूरने वजनं घेतली, तक्त्यावर शेवटचा ठिपका दिला. तिन्ही गटांच्या रेघा जवळपास एकावर एक बसल्या आणि पोरांनी न राहवून टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी माझ्याकडे बघितलं आणि टाळ्या एकदम थांबल्या.

“थांबलात कशाला?” मी म्हटलं आणि स्वतःच वाजवायला लागले. मला खरोखरच आनंद झाला होता, मलाच त्याचं नवल वाटलं. घेवडा दहा दिवसही तग धरत नाही, हे आता आम्हाला पक्कं माहीत होतं.

माझा निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला, तो चुकीचा होता हे कळवणारं पत्र मी त्याच दुपारी लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात ‘कदाचित’ तीनदा आलं होतं. शंकासूरने पाठीमागून वाकून विचारलं, “कदाचित का, मॅडम?” मी तिन्हींवर रेघ मारली. खाली बाराजणांनी सह्या केल्या. मामा दारात उभे होते, ते आत आले.

“माझी पण सही घ्या. पाणी मी घातलं होतं. नाहीतर लोकांना वाटायचं, बाईंचंच चुकलं.”

“बाईंचंच चुकलं, मामा. अठरा वर्षांपूर्वी बाई एकाही रविवारी वजन करायला आल्या नाहीत.”

मामांनी ते ऐकून घेतलं, मान हलवली आणि तरीही पेन मागितलं.