सोंगांची नावं

फोरमनला परक्या भाषेतलं सगळ्यात आधी काय शिकावं लागत असेल, तर सोंगांची नावं. मी सौदीत जुबैलला पाइप फिटरांचा फोरमन होतो तेव्हा माझ्या हाताखालची अर्धी माणसं फिलिपिनो होती, सेबू बेटाकडची. त्यांतला रूडी नावाचा वेल्डर कॅम्पमध्ये माझ्याच खोलीत राहायचा. तो माझा मास्तर. त्यांच्या भाषेत सोंग दाखवायचं तर साधारणपणे तोच शब्द दोनदा म्हणायचा. बुंगोल म्हणजे बहिरा. बुंगोल-बुंगोल म्हणजे मी पाठीमागून घसा फोडून हाक मारतोय आणि हे गृहस्थ निवांत चाललेत. साकित म्हणजे दुखणं. साकित-साकित म्हणजे ऐन उन्हाळ्यात टाकीत उतरायची वेळ आली की पोट धरून बसणं. तुलोग-तुलोग, म्हणजे डोळे मिटून जागं राहणं, यात तर आमचे कोकणातले लोकही त्यांना हार जायचे नाहीत. या सगळ्या ढोंगांना मिळून त्यांचा एक मोठा शब्द होता, अरोन-इंगनोन. लोकांनी तसं म्हणावं, एवढ्यापुरतं केलेलं.

रूडी म्हणायचा, उस्मानभाई, तुमचा रागसुद्धा अरोन-इंगनोनच आहे. माणूस तसा हुशार होता. पुढे त्याचे वडील वारले. घरच्यांनी त्यांना पुरून टाकलं आणि मग त्याला कळवलं. त्या दिवशी तो पलंगावर बसून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, लुबोंग. दफन. तो शब्द त्याने मला शिकवला नाही, पण मला तो येऊन बसला.

मी निवृत्त होऊन रत्नागिरीला परतलो त्यालाही बरीच वर्षं झाली. माझी बायको बिलकिस घरातही मला फोरमनच म्हणायची. 'फोरमन, ही साइट नाही, माझं घर आहे' हे तिचं रोजचं. मी ओरडायचो, ती भांडी घासत हसायची. यंदा आम्ही दोघं मक्केला उमरा करायला आलो. मुलगा हम्माद जुबैललाच नोकरीला आहे. उमरा झाल्यावर चार दिवस त्याच्याकडे राहायचं ठरलं होतं. मक्केहून जेद्दाला येताना आमच्या गाडीला मागून ट्रकने धडक दिली.

मी शुद्धीवर आलो तो जेद्दातल्या एका इस्पितळात. पाय मोडलेला, बरगड्या मोडलेल्या, आणि त्यात माझं हृदयाचं जुनं दुखणं. हम्माद उशाशी होता. अम्मी कुठे आहे विचारलं तर म्हणाला, दुसऱ्या इस्पितळात आहे, बायकांच्या वॉर्डात, कमरेला लागलंय, पण बरी आहे. फोनवर बोलू दे म्हटलं तर म्हणाला, तिथे फोन चालत नाही. मी आयुष्यभर लोकांची सोंगं पकडत आलो, आणि हे पकडलं नाही. पकडायचंच नव्हतं.

रोज तो तिचे निरोप आणायचा. आज उठून बसली. आज पेज मागितली. मी ऐकून घ्यायचो आणि मग डॉक्टरांवर, सिस्टरवर, बेचव सूपवर तोंड सोडायचो. लोर्ना नावाची सिस्टर माझा सगळा राग गोड हसून गिळायची. तीही सेबूचीच, हे मला तिच्या बोलण्यावरून पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला तिची भाषा थोडी कळते, हे मी सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला एवढी तरी मजा असावी.

एके दुपारी मी डोळे मिटून पडलो होतो. हो, तुलोग-तुलोग, कारण फिजिओथेरपीवाला येणार होता. लोर्ना दुसऱ्या सिस्टरबरोबर माझी चादर बदलायला आली. दोघी आपल्या भाषेत बोलत होत्या. रत्नागिरीच्या म्हाताऱ्याच्या उशाशी ती भाषा बोलायला भीती कसली? मला सगळं कळलं नाही. असावा हा शब्द कळला, त्यांच्याकडे बायकोला म्हणतात. पताय कळलं, म्हणजे मेलेली. मग अरोन-इंगनोन. मग उग्मा, म्हणजे उद्या. हा शब्द तर प्रत्येक फोरमनला पाठ असतो. आणि मग लुबोंग.

दुसरी सिस्टर गेल्यावर मी डोळे उघडले आणि लोर्नाला तिच्याच भाषेत विचारलं, उद्या किती वाजता? तिच्या हातातली उशी खाली पडली. ती पायथ्याशी बसून रडायला लागली, आणि रडत रडतच तिने सगळं सांगितलं. बिलकिस गाडीतच गेली होती. कागदपत्रांत इतके दिवस गेले. दफन उद्या असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर, इथेच जेद्दात. माझ्या हृदयावर उपचार होईपर्यंत मला सांगू नका, असं डॉक्टर म्हणाले होते आणि हम्मादने सगळ्या वॉर्डापुढे हात जोडले होते.

मला वाटलं होतं, असलं काही ऐकलं की माणूस ओरडतो. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. मला फक्त दोन गोष्टी हव्या होत्या. तिचं तोंड एकदा बघायचं, आणि माझ्या हाताने तीन मुठी माती घालायची. चाळीस वर्षांच्या संसारात अर्ध्याहून जास्त काळ ती तिकडे आणि मी इकडे. निदान पोचवायला तरी मी असायला हवा होतो. लोर्ना म्हणाली, उद्या दुपारी मुलगा आला की त्याला सांगा तुम्हाला माहीत आहे म्हणून. डॉक्टरांशी मी बोलते, खुर्चीत बसवून मी स्वतः खाली आणून देते.

दुसऱ्या दिवशी दुपारी हम्माद आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, आणि त्यावर ते हसू. पोराला सोंग कधी जमलंच नाही. मी म्हटलं, हम्माद, बस, मला तुझ्याशी बोलायचंय. तो बसला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात घाबरून तोच बोलला.

"अब्बा, आधी अम्मीचा निरोप ऐका. म्हणाली, फोरमनला सांग, ही साइट नाय. डॉक्टर सांगेल तेव्हाच उठायचं."

अगदी तिचाच सूर. शेवटच्या शब्दावर ती हलकेच दाबून बोलायची, तसंच. आणि मी काय सांगू, त्या क्षणी ती पलीकडच्या इस्पितळात खरंच होती, पदर खोचून, माझ्यावर हसत. मी बोललो असतो तर ती गेली असती. माझ्या एका वाक्याने गेली असती. रूडीने कधी शिकवला नव्हता असा एक शब्द मी मनात जुळवला. बुही म्हणजे जिवंत. बुही-बुही.

"बरं," मी म्हटलं. "तिला सांग, नाही उठत."

हम्मादने माझ्या हातावर कपाळ टेकलं आणि काम आहे म्हणून निघून गेला. लोर्ना दारात खुर्ची घेऊन उभी होती. मी मानेनेच नाही म्हटलं. तिने खुर्ची परत नेली. थोड्या वेळाने असरची अजान झाली. ती मी जन्मभर ऐकत आलो आहे, पण त्या दिवशी कान बंद करता आले असते तर केले असते. पडल्या पडल्या नमाज पढलो, आणि काय पढलो ते आठवत नाही.

संध्याकाळी हम्माद पुन्हा आला. अंघोळ केली होती, कपडे बदलले होते, पण नखांत माती होती.

"अम्मी जेवली काय रे आज?" मी विचारलं.

"थोडीशी जेवली," तो म्हणाला आणि खिडकीकडे वळून उभा राहिला. त्याच्या एक कानफटात द्यावी आणि त्याला लहानपणीसारखं मांडीवर घ्यावं, असं दोन्ही एकदम वाटलं. मी काहीच केलं नाही.

माझ्या हृदयाचं काम यथावकाश झालं. मग एका सकाळी हम्माद डॉक्टरांना घेऊन आला, माझे दोन्ही हात धरले आणि सांगितलं. आता मला पहिल्यांदा ऐकल्यासारखं करायचं होतं. मी तोंड उघडलं ते सोंगासाठीच. पण पहिला हुंदका बाहेर पडला आणि पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं आलं. हम्माद मला कवटाळून म्हणत होता, रडा अब्बा, रडून घ्या. आणि बाप आत्ता कुठे रडतोय म्हणून तोही पहिल्यांदा मोकळा रडत होता. लोर्नाने दारातून तोंड फिरवलं.

इस्पितळातून सुटल्यावर मी म्हटलं, विमान नंतर, आधी कब्रस्तान. हम्मादने चाकाच्या खुर्चीतून नेलं. इथे कबरींवर नावं नसतात. मातीचे ढीग, उशाशी एकेक दगड, सगळे सारखे, आणि मधल्या दिवसांत कितीतरी नवे वाढलेले. हम्माद एका ओळीत शिरला, थांबला, मागे आला, दुसऱ्या ओळीत गेला. दफनाच्या दिवशी त्याच्या डोळ्यांना काय दिसलं असेल? त्याने घाम पुसला, एकवार माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्ची एका ढिगापाशी नेऊन उभी केली.

"ही अब्बा. हीच अम्मीची."

त्या ढिगावर शिंपडलेलं पाणी अजून वाळलं नव्हतं. जेद्दाच्या त्या उन्हात माती तासाभरात कोरडी होते. कुणाला तरी तिथे आजच ठेवलं होतं.

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. खुर्चीतून वाकलो, बरगड्या कळवळल्या, आणि तीन मुठी माती घातली, तिचं नाव घेऊन, प्रत्येक मुठीला. मग दोन्ही हात वर करून दुआ केली, त्या अनोळखी माणसासाठीही. हम्माद मागे हुंदके देत होता.

"बरोबर आणलंस, पोरा," मी म्हटलं. "मी असतो तरी हीच जागा निवडली असती."