ट्रॅक्टरच्या ट्यूबचा पोहण्याशी संबंध

मित्रांनो, माझं वय झालं आहे, रंग काळा आहे आणि अंगावर ठिगळं आहेत. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातली मी एक ट्यूब. खरं सांगायचं तर ट्यूबचा आडवा कापलेला तुकडा, चार बोटं रुंदीचं कडं. बाकीची मी सध्या एका गोठ्याच्या दाराला बिजागरी म्हणून नोकरीला आहे.

चाकात असताना मला जग दिसलंच नाही. पोटात हवा, बाहेर टायर, मागे उसाची ट्रॉली. पाण्याशी ओळख व्हायची ती कोल्हारला, सम्राटच्या पंक्चरच्या दुकानात. तो मला पत्र्याच्या टबात बुडवायचा आणि चारचौघांत माझ्या अंगातून बुडबुडे यायचे. त्यामुळे पाणी म्हणजे अब्रू जाण्याची जागा, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

सम्राटची मुलगी वृषाली नववीत आहे. ती शेजारच्या रंगनाथतात्यांच्या विहिरीत पोहायला शिकली. विहीर गोल, म्हणून वृषालीही गोल. भिंत उजव्या हाताला ठेवून ती फेऱ्या मारायची. वळण्यासाठी उजवा पाय जोरात, गुडघा फाकवून मारायचा; डावा पाय नुसता सोबतीला. हे कुणालाच खटकलं नाही, कारण विहिरीत सरळ जाऊन कुणी कुठे पोचत नाही.

पण गेल्या वर्षी शाळांच्या स्पर्धेत ब्रेस्टस्ट्रोकला, म्हणजे बेडकासारखं पोहण्याच्या शर्यतीत, ती सगळ्यांच्या पुढे असताना पंचाने हात वर केला. दोन्ही पाय एकसारखे चालत नाहीत, म्हणून बाद. "बेडकाला कुणी बाद करतं का?" एवढंच ती परतीच्या एसटीत म्हणाली. घरी आल्यावर तिने सांगून टाकलं, की पुढच्या वर्षी पुन्हा बाद झाले तर पोहणं बंद. आणि ती बोलल्याप्रमाणे वागणारी मुलगी आहे.

तिची अश्विनीआत्या सुप्याला कंपनीत कामाला आहे. तिने मोबाईलवर पाहिलं, की गुडघ्यांच्या जरा वर रबराचा पट्टा घालून पायांचा सराव करतात.

"दादा, तुझ्याकडं तर ट्यूबांचा ढीग पडलाय," ती म्हणाली.

असा माझा शिक्षण क्षेत्रात प्रवेश झाला. पण विहिरीवर रंगनाथतात्या उभे होते.

"सम्राट! पोरीचे पाय बांधून हिरीत टाकतो व्हय रे?"

"बांधले न्हाईत, तात्या. ट्यूब हाय. आत पाय हलत्यात."

"मग आधी तू घालून उतर. बघू कसं हलत्यात."

सम्राट उतरला. आम्ही दोघंही खाली गेलो. वर बराच वेळ फक्त बुडबुडे दिसले.

"पंक्चर हाय," तात्या म्हणाले. "काढा वर."

तोवर कुणीतरी पोलीस पाटलांना फोन केला होता. ते आले, त्यांनी मला ताणून पाहिलं, सोडलं, मी त्यांच्या बोटांवर फटकन बसले आणि त्यांनी परवानगी दिली. तात्यांनी मात्र अट घातली. "कंबरेला दोर बांधायचा आन् तो मी धरनार. मग खुशाल पवू द्या."

आणि मित्रांनो, वृषाली पाण्यात शिरली. टाचा मांड्यांकडे आल्या, पंजे बाहेर वळले, तळव्यांनी पाणी मागे लोटलं आणि पाय पुन्हा एकमेकांना येऊन मिळाले. मी अख्खा ट्रॅक्टर पेलला आहे, पण असं बळ पाहिलं नव्हतं. चाकाला निदान रस्ता लागतो. ही तर मुठीतही न राहणाऱ्या पाण्याला ढकलत होती, आणि तेच पाणी तिला पुढे नेत होतं! मी ताणायचंच विसरून गेले.

माझं काम तसं साधं. उजवा गुडघा बाहेर पळाला की मी ताणले जायचे, तिला कळायचं, गुडघा परत यायचा. रोज सकाळी हेच. मग एके दिवशी वृषाली वळलीच नाही. दोन्ही पाय सारखे चालले, ती बाणासारखी सरळ गेली आणि समोरच्या भिंतीवर आपटली. कपाळाला टेंगूळ आलं. सम्राटने पेढे वाटले.

यंदाची स्पर्धा भिंगारला, पोहण्याच्या तलावावर झाली. शर्यतीत पट्टा चालत नाही. वृषालीने मला उतरवून बापाच्या हातात दिलं. माझ्याशिवाय गुडघे काय करतील, या विचाराने मी गार पडले. शिट्टी झाली. सम्राट मुलीकडे बघत होता, आत्या फक्त पंचाच्या हाताकडे.

"दादा, हात उचलला!"

सम्राटने मला इतकं ताणलं की एक ठिगळ सुटलं. पंचाने टोपी सरळ केली आणि हात खाली घेतला.

वृषाली तिसरी आली. गेल्या वर्षी सगळ्यांच्या पुढे असून बाद झालेली मुलगी यंदा तिसरी येऊन नाचत होती. मी मात्र अजून तिच्या गुडघ्यांकडेच बघत होते. मी नसताना ते बरोबर माझ्याच मापाने उघडले होते. हे कसं होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

मित्रांनो, सध्या सम्राटने मला हार घालून घरातल्या शोकेसमध्ये ठेवलं आहे. हा मान मोठा आहे, पण नुसतं पडून राहिलं की रबराला चिरा पडतात. म्हणून विनंती. मला साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, थोडी पावडर लावा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी गुडघ्यांवर चढवा. दोर धरणारं मोठं माणूस काठावर असल्याशिवाय मला घालून पाण्यात उतरू नका. आणि गुडघे शिकले, की मला न चुकता उतरवा. मला काठावरून बघायला फार आवडतं.