कात्रीखालचं लिंबू

आमच्या ह्यांचं केस कापायचं दुकान. वाढलेलं काही दिसलं की ह्यांची बोटं शिवशिवतात. पडद्याचा लोंबता धागा असो की ब्रशचे पिसारलेले केस, काही सुटत नाही. त्यात गॅलरीतलं सासूबाईंचं लिंबाचं झाड म्हणजे आयतं गिऱ्हाईक. ना मान हलवणार, ना तक्रार करणार!

सासूबाईंनी ते बीपासून वाढवलेलं. "घरचं एक लिंबू चाखलं की मी मोकळी," असं येईल त्याला सांगायच्या. पाणी घालताना काटे लागून त्यांच्या हातांवर ओरखडे उठायचे. म्हणून दुकानाला सुट्टी असली की हे कात्री घेऊन बसायचे. "काटे म्हणजे झाडाची नखंच," म्हणत एकेक टोक कापायचे. मग हात थांबतोय कुठला! शेंडेही साफ. वरून सपाट, बाजूंनी बारीक. सासूबाई शेजारी स्टुलावर बसून तासभर गप्पा मारायच्या. एरवी आठवडाभर ह्यांचं आईशी बोलणं म्हणजे "जेवलीस का" आणि "गोळी घेतलीस का".

झाड हिरवंगार, पण फुलाचा पत्ता नाही. मी खत आणलं, कुंडी बदलली, उन्हात सरकवली. माझी कंबर गेली, लिंबू काही आलं नाही. शेवटी वैतागून म्हटलं, "टाका उपटून. बाजारातून पिशवीभर आणते." त्यावर सासूबाई नुसत्या हसल्या.

मग हे दुकानातल्या ओल्या फरशीवरून घसरले. मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये, कात्री बंद. सुट्टीच्या दिवशी हे पलंगावर मोबाईल बघत पडायचे आणि सासूबाई गॅलरीत एकट्या बसायच्या. झाडाला मात्र मोकळं रान मिळालं. वाटेल तसं सुटलं, जाता-येता माझी बाही ओढायला लागलं. आणि एका सकाळी बघते तर काय, शेंड्याशेंड्याला कळ्या!

मी ह्यांना हाताला धरून आणलं. "बघा, कळी शेंड्याला येते. आणि तुम्ही दर आठवड्याला..."

ह्यांचा चेहरा उतरला. "आई, म्हणजे मीच छाटत होतो?"

"हो रे."

"तुला माहीत होतं?"

"कधीचंच."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू इथे बसला असतास का?"

कुंडी ओढून ओढून माझी कंबर मोडलेली, मला खरं तर राग यायला हवा होता. पण आला नाही.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच सुट्टीला हे सवयीने कात्री घेऊन गॅलरीत गेले. झाडावर वाटाण्याएवढी लिंबं धरलेली. कापायला काही नव्हतं. हे परत वळणार, तेवढ्यात सासूबाईंनी स्टूल पुढे ओढलं आणि दोन्ही हात समोर धरले.

"बस जरा," म्हणाल्या, "माझी नखं फार वाढलीत."

नखं मी आदल्याच दिवशी कापून दिली होती. मी आत जाऊन चहा टाकला.