लाडका प्रोसेसर

सोमवारी सकाळी जुन्या प्रोसेसरचा बिल्ड लाल झाला, तेव्हा बिल्डकाकांना इतकं बरं वाटलं की त्यांनी जागेवरच दुसरा चहा मागवला. एरवी बिल्ड मोडला की त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होई. आज मात्र तो ऑफिसात नव्याने आलेल्या मुलीच्या हातून मोडला होता; तिला सगळे नवीच म्हणत.

त्यांच्या ऑफिसात ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, तयार होई. गाभा एकच, पण तो सात जातींच्या प्रोसेसरवर चालायला हवा. कुणी एक ओळ बदलली तरी सातही ठिकाणी बिल्ड, म्हणजे लिहिलेल्या कोडची चालती बांधणी, नव्याने करून बघायचा, आणि जिथे अडेल तिथे भिंतीवरच्या पडद्यावर लाल चौकोन. असले चौकोन हिरवे करण्यात काकांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यातही सगळ्यात जुना प्रोसेसर त्यांचा लाडका. कारखान्यांतली काही म्हातारी यंत्रं सोडली तर त्याला आता कुणी विचारत नव्हतं, म्हणून काका जास्तच जपत.

मग नवी आली आणि बघता बघता साहेबांच्या तोंडी तिचंच नाव बसलं. पूर्वी अडलं की काकांकडे येणारी मंडळी तिच्या टेबलाभोवती जमू लागली. काका वरून हसत आणि आतून जळत. घरी जेवतानाही दर दोन घासांमागे तिचा विषय निघे. शेवटी बायको म्हणाली, त्या पोरीचं पानच मांडत जाऊ का रोज?

चूक काकांना अर्ध्या मिनिटात दिसली होती. नवीने एक हेडर फाइल, म्हणजे कोडला आधी लागणाऱ्या व्याख्यांची फाइल, जोडलीच नव्हती. नव्या प्रोसेसरांवर ती दुसऱ्या फायलींच्या मागोमाग आपोआप आत येते, जुन्यावर मुद्दाम बोलवावी लागते. एका ओळीचं काम. पण शुक्रवारच्या मीटिंगमध्ये साहेबांसमोर तो लाल चौकोन एकदा झळकू दे, मग बघू, असं काकांनी ठरवलं.

बुधवारी नवी स्वतःच आली. "काका, जुन्यावर का अडतंय तेच कळत नाहीये. जरा बघता का?"

"बघतो," काका म्हणाले आणि तिची पाठ वळताच डबा उघडला. भूक नव्हती, तरी जेवण गोड लागलं.

शुक्रवारी साहेबांनी चौकोनावर बोट ठेवलं. नवीने आढेवेढे घेतले नाहीत. बदल माझाच, चूक मला सापडली नाही, असं तिने सरळ सांगितलं. काका मान खाली घालून पुढच्या बोलण्याची वाट बघत राहिले. साहेब आता तिला झापतील, मग आपण सावकाश उठून ती एक ओळ सांगू.

"काकांना विचारलं होतं मी," नवी म्हणाली. "ते बघतायत."

साहेबांनी काकांकडे बघितलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. "आठवडा झाला. काकांनाही सापडत नसेल तर मग संपलंच. कशाला जीव काढायचा माणसांचा? जुना प्रोसेसर यादीतूनच काढून टाकू आपण."

काकांच्या ओठांशी ती ओळ आली. पण ती सांगायची तर, इतके दिवस का सांगितली नाही, तेही सांगावं लागलं असतं, आणि तेही नवीच्या देखत. त्यांनी मान आणखी खाली घातली. सगळ्यांना वाटलं, म्हातारा बिचारा हरला.

काढायचं काम मी करते, चूक माझी होती, असं नवी म्हणाली.

"नको," काका म्हणाले. "ते मी करतो."

दुपारी त्यांनी जुन्या प्रोसेसरच्या कोडचं फोल्डर शेवटचं उघडून बघितलं. कितीतरी फायलींवर त्यांच्याच हातच्या दुरुस्त्या होत्या. एका आज्ञेत सगळं गेलं. बदलाबरोबर कारण लिहायची पद्धत होती. नवीचं नाव घालावं असं बोटांना एकदा वाटलं. मग त्यांनी लिहिलं, "सांभाळणारं कुणी नाही," आणि खाली नियमाप्रमाणे स्वतःचं नाव टाकलं.

थोड्या वेळाने पडदा बदलला. सहा चौकोन होते, सगळे हिरवे. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि काकांनीही वाजवल्या.