धुरीची वेळ

हर्षाने काचपेटीवरची चादर दोन बोटांनी बाजूला सारली आणि श्वास रोखून आत पाहिलं. होती. पिल्लं अजून होती. अनारशाला खसखस लागावी तशी ती आईबापाच्या अंगाला चिकटून होती.

डिस्कस मासा म्हणजे बशीएवढा गोल, चपटा आणि विलक्षण भित्रा. त्याची पिल्लं पहिले काही दिवस दुसरं काहीच खात नाहीत. आईबापाच्या अंगावर जो चिकट पदार्थ सुटतो, तो टोचून टोचून खातात आणि त्यावरच जगतात. अंगापासून सुटली की संपली. हर्षाने बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं होतं, त्यामुळे हे तिला ठाऊक होतं. याआधीच्या दोन्ही खेपांना पिल्लं पहिला दिवसभर अशीच चिकटून राहिली होती आणि दुसऱ्या सकाळी मात्र तळाशी पांढरी होऊन पडली होती. असं का झालं, ते काही तिला कळलं नव्हतं.

"याही खेपेले गेले तर ही पेटी नागपूरच्या दोस्ताले देऊन टाकू," कामावर निघताना तिचा नवरा प्रफुल म्हणाला होता. "तिकडे पोरगी खोकून राह्यली, अन् तू मासोळ्या घेऊन बसली." तो रागाने बोलला असता तर तिने भांडून घेतलं असतं. तो थकून बोलला, ते जास्त लागलं.

पिपरी मेघेतलं त्यांचं घर लहान. पौषातली थंडी, म्हणून या खोलीच्या खिडक्या तिने घट्ट लावल्या होत्या. पेटीतल्या हीटरची थोडी ऊब राहते म्हणून तान्ह्या गुंजनचा पाळणाही तिनेच इथे आणला होता. लेक आणि मासे, दोन्ही डोळ्यांसमोर. पाणी तपासून झालं, हीटर तपासून झाला, जाळी उकळून झाली. कशातच खोट निघेना. मग उरलं माणूस. आणि या खोलीत दिवसा तिच्याशिवाय येणारं माणूस एकच होतं, तिची सासू.

प्रमिलाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "रांधाचे नाई, खाचे नाई, मंग पाळता काऊन? बशा पाहाच्या असतीन तं फडताळात कमी आहेत काय?" तेव्हा हर्षाही हसली होती. आज दुपारी मात्र तिचं हसू मावळलं. पेटीच्या झाकणावर मोहरीचे दाणे पडले होते, मिठाचा खडा होता आणि एक दाणा पाण्यावर तरंगत होता. तिने तो चमच्याने काढला आणि बाकीच्या दाण्यांसकट पदराच्या टोकात बांधला. तेव्हापासून ती तिथून हलली नव्हती.

दिवेलागणीला प्रमिलाबाई शेगडी घेऊन आल्या.

"सरक वो. पोरीले धुरी देतो. छाती भरून आली तिची."

त्यांनी शेगडी पेटीच्या स्टँडशी ठेवली, गुंजनला मांडीवर घेतलं आणि निखाऱ्यांवर ओवा, शेपा, लसणाच्या साली टाकल्या. धूर उठला. रोजच उठायचा. हर्षाचं लक्ष सासूच्या हातांवर होतं. ते हात पाण्याकडे गेले नाहीत. एकदाही नाही.

तरीही पिल्लं सुटू लागली.

आधी एक-दोन, मग मूठभर. नर काळा पडून कोपऱ्यात गेला, मादी वर येऊन तोंड वासू लागली. हर्षाला राहवलं नाही. तिने पदराची गाठ सोडून दाणे सासूपुढे धरले.

"आई, हे काय टाकलं तुम्ही पाण्यात?"

प्रमिलाबाईंचा हात गुंजनच्या पाठीवर थांबला. "मी?"

"मंग कोण? आवडत नव्हते तं सरळ सांगाचं. असं मारून कशाले टाकता?"

पेटीचा हवेचा पंप घरघरत होता. तेवढ्यात गुंजनला खोकल्याची उबळ आली. तिला उचलायला हर्षा वाकली आणि तिचे डोळे पाण्याच्या रेषेशी आले. पाण्यातून बुडबुडे चढत होते. वर येऊन फुटत होते. आणि फुटताना प्रत्येकातून धुराचा इवलासा भपकारा निघत होता.

तिने खाली पाहिलं. हवेचा पंप जमिनीवर होता. शेगडीला लागून. खोलीतला धूर ओढून तो सगळा पाण्यात सोडत होता. आज, मागच्या दोन्ही खेपांना, रोज याच वेळी.

"आई, शेगडी बाहेर न्या! लवकर!"

प्रमिलाबाईंनी गुंजनला तिच्या हातात दिलं. शेगडी उचलून त्या अंगणात गेल्या. हर्षाने पंपाचं बटण बंद केलं, गुंजनला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवलं आणि खिडकी उघडली. पण हवेशिवाय मासे किती टिकणार? पंप घेऊन ती खिडकीशी गेली; नळी आणि वायर तिथवर पुरत होत्या, पंप बाहेर टेकवायला मात्र जागा नव्हती.

गजांबाहेरून हात आला. "दे इकडे. मी धरून राह्यतो. तू पाण्याचं पाहाय."

बाहेर थंडीत पंप सासूच्या ओंजळीत घरघरू लागला. आत हर्षाने धुराचं पाणी नळीने उपसलं आणि क्लोरीन उडावं म्हणून शिळवून ठेवलेलं पाणी हळूहळू ओतलं. पिल्लं धुळीसारखी खाली खाली चालली होती. मादी तशीच वर. मग ती एकदाची वळली, खाली उतरली आणि तिने अंग झटकलं, जणू हाक दिली. एक पिल्लू लागलं. मग आणखी काही.

"चिकटले काय?" बाहेरून आवाज आला.

"चिकटले. सगळे नाई."

पंप गजांच्या आणखी जवळ आला.

"त्या मोहऱ्या माह्याच होत्या," प्रमिलाबाई म्हणाल्या. "दोनदा गेले बिचारे. म्हटलं, कोणाची नजर लागली असंन. पेटीवरून उतरवल्या. सांडल्या असतीन तवा."

हर्षाने हातातली नळी खाली ठेवली. "आत या, आई," ती म्हणाली. "थंडी आहे."

प्रमिलाबाईंनी पंप फडक्याने गजाला बांधला, गाठ ओढून पाहिली आणि त्या फिरून दाराशी आल्या. उंबऱ्यावर त्यांची पावलं थांबली. पाळण्याशेजारी उभी असलेली सून, तिच्यामागे पेटी. दोन्ही हात त्यांनी पदरात गुंडाळून घेतले होते.

"येऊ काय आत?" आपल्याच घरात त्यांनी विचारलं.